जुनी अमेरिकन जीप : पत्र्यापेक्षा कागदाला मोल

चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली, अहेरी, सिरोंचा या पट्ट्यातील जुन्या गॅरेजमागे आजही एखादी जीप विटांवर उभी दिसते. चाके गेलेली, बोनटला गंज लागलेला, आत कोंबड्या बसतात. भंगारवाला येतो, किलोवर भाव सांगतो आणि घरचे लोक अडगळ गेली म्हणून समाधान मानतात. अशा जीपचा लोखंडाव्यतिरिक्त काही भाव आहे काय, तो कशावर ठरतो आणि तो मिळवण्यासाठी मालकाने व कारागिराने काय करावे, याची माहिती या लेखात देत आहोत. या धंद्यातील डेंटर, पेंटर, फिटर व खरादवाल्यांना ती उपयोगी पडेल.

अमेरिकेतील रिवाज

जुन्या मोटारींचा व्यापार अमेरिकेत फार पुढे गेला आहे. शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही तिथली नामांकित स्पोर्ट्स कार. १९५३ या पहिल्या वर्षी तिच्या फक्त ३०० गाड्या निघाल्या आणि सर्व पांढऱ्या रंगाच्या होत्या. १९६० पासून कॉर्व्हेटच्या इंजिनावर चेसिस नंबरचे शेवटचे आकडे ठोकले जाऊ लागले. म्हणून जाणकार गिऱ्हाईक रंग नंतर पाहतो, आधी हे दोन नंबर जुळतात की नाही ते तपासतो. जुळले तर एक भाव, न जुळले तर त्याच चकचकीत गाडीचा भाव बराच खाली.

मालकीच्या इतिहासाचे महत्त्व सांगणारे ठळक उदाहरण फोर्ड मस्टँगचे आहे. १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटात वापरलेली एक मस्टँग १९७४ साली एका गृहस्थाने ६,००० डॉलरला घेतली. तिची मालकी त्याच घराण्यात राहिली. जानेवारी २०२० मध्ये तिचा लिलाव झाला, तेव्हा बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. या गाडीला नवा रंगही दिलेला नव्हता. पण चेसिस नंबर पक्का होता, चित्रीकरणासाठी केलेल्या फेरफारांच्या खुणा शाबूत होत्या आणि खुद्द चित्रपटाच्या नायकाने १९७७ साली गाडी परत विकत मागणारे लिहिलेले पत्र घरात जपून ठेवले होते. कागद नसते तर ती एक जुनी मस्टँग, एवढीच तिची किंमत झाली असती.

आपल्याकडची अमेरिकन गाडी

आपल्या जंगल मुलखात कॉर्व्हेट किंवा मस्टँगला काम नव्हते. इथे आलेली अमेरिकन गाडी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. १९४० मध्ये बँटम कंपनीने पहिला नमुना दिला. पुढे मोठे उत्पादन विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी केले. विलीजच्या गाडीला एमबी आणि फोर्डच्या गाडीला जीपीडब्ल्यू असे नाव होते. युद्ध संपेपर्यंत दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. ब्रह्मदेश व चीनच्या आघाडीसाठी त्यातील अनेक हिंदुस्थानात उतरल्या. युद्धानंतर हा माल 'डिस्पोजल' म्हणून विक्रीस निघाला, म्हणून जुने लोक या गाडीला आजही 'डिस्पोजलची जीप' म्हणतात.

दुसरा प्रवाह मुंबईचा. कैलासचंद्र महिंद्र, जगदीशचंद्र महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद या तिघांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी पोलादाच्या व्यापारासाठी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री व १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे बदलले. याच कंपनीने विलीजशी करार करून सुटे भाग आणून माझगावला जीप जोडण्यास सुरुवात केली आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल येथेच बनवले.

चांदा जिल्ह्यात या गाडीला काम भरपूर होते. आलापल्लीचा साग, बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा बांबू, तेंदूपत्त्याचे फड, वनखात्याची फिरती आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वी शिकार, या सर्वांसाठी नाले ओलांडणारी गाडी हवी होती. भामरागडचा पर्लकोटा नदीवरील पूल वर्षानुवर्षे पावसाळ्यात पाण्याखाली जात असे, यावरून रस्त्यांची कल्पना यावी. एकच जीप आधी सैन्याची, मग ठेकेदाराची, मग मालगुजाराची आणि शेवटी गॅरेजवाल्याची झाली, असा प्रवास या भागात नवलाचा नाही.

कोणती जीप ते ओळखा

सौदा करण्यापूर्वी गाडी नेमकी कोणती आहे हे ठरवावे. पुढच्या जाळीला नऊ खाचा असतील तर ती युद्धकाळातील घडणीची. सात खाचा असतील तर १९४५ नंतरची नागरी जीप. बोनट उंच व पुढचे तोंड चौकोनी उभट असेल तर सीजे-३बी समजावी. तिच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आल्याने इंजिनाची उंची वाढली आणि म्हणून बोनटही वर गेले. एमबी व जीपीडब्ल्यूमध्ये सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला असतात. ते इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २,२०० सीसीचे व ६० अश्वशक्तीचे आहे. मूळ वायरिंग ६ व्होल्टचे असते.

विलीज आणि फोर्ड यांत फरक करायचा तर रेडिएटरखाली चेसिसचा आडवा दांडा पाहावा. गोल पाइप असेल तर विलीज, चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डच्या अनेक बोल्टांवर व भागांवर 'एफ' हे अक्षर उमटवलेले असते. फोर्डचा चेसिस नंबर डाव्या चेसिसपट्टीच्या वरच्या बाजूस ठोकलेला असतो आणि मूळ इंजिनाचा नंबर त्याच्याशी जुळतो. विलीजचा नंबर डाव्या चेसिसपट्टीच्या आतल्या अंगाला लावलेल्या छोट्या पट्टीवर असतो. विलीजमध्ये इंजिनाचा व चेसिसचा नंबर कारखान्यातूनच वेगळा येत असे. त्यामुळे विलीजचे नंबर जुळत नाहीत म्हणून कोणी भाव पाडू लागला तर त्याला हे समजावून सांगावे.

बाजारात नवी टप व नवी चेसिस जोडून 'ओरिजिनल विलीज' म्हणून विकलेल्या गाड्याही फिरतात. जुन्या आरसी बुकचा नंबर नव्या चेसिसवर ठोकणे हा गुन्हा आहे. असे काम आणणारे गिऱ्हाईक दुप्पट मजुरी देत असले तरी कारागिराने ते हाती घेऊ नये. पोलीस तपासात पहिला सापडतो तो ठोकणाराच.

दुरुस्ती : काय बदलावे, काय ठेवावे

डिझेल स्वस्त होते त्या काळात पेट्रोल इंजिन काढून ट्रॅक्टरचे किंवा मेटॅडोरचे डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली होती. रोजच्या धंद्यासाठी ते फायद्याचेच होते. पण आज जुनी गाडी म्हणून विकताना मूळ इंजिन नसणे हा मोठा तोटा ठरतो. गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले मूळ इंजिन, गिअर बॉक्स, कार्बोरेटर किंवा डॅशबोर्डवरील पितळी पट्ट्या भंगारात देऊ नयेत. ब्लॉक घासला असेल तर बोअर करून स्लीव्ह टाकता येते, क्रँक ग्राइंडिंग करता येते, बुश खरादावर नवे निघतात. नंबर असलेला ब्लॉक मात्र नवा बनवता येत नाही.

पत्र्याच्या कामातही हेच तत्त्व पाळावे. सडलेला भाग कापून त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा जोडावा. पुट्टीचा थर देऊन रंग मारला तर पहिल्या पावसाळ्यात तो फुगतो आणि गिऱ्हाईक कायमचे जाते. चेसिसवर ग्राइंडर चालवण्यापूर्वी नंबराची जागा शोधून त्यावर कापड किंवा टेप लावावी. घाईत नंबर घासला गेला तर गाडीची निम्मी किंमत तिथेच गेली असे समजावे. काम सुरू करण्याआधी, काम चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर फोटो काढून ठेवावेत. पुढे हेच फोटो गाडीच्या इतिहासाचा भाग होतात.

मालकीची साखळी

या भागातील जुन्या जीपचे कागद शोधताना एक अडचण येते. चांदा जिल्हा स्वातंत्र्यापूर्वी मध्य प्रांतात, नंतर मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. १९८९ पासून नव्या पद्धतीचे नंबर आले आणि चंद्रपूरला एमएच-३४, गडचिरोलीला एमएच-३३ मिळाला. म्हणजे एकाच गाडीने जागा न सोडता तीन राज्ये पाहिली. म्हणून जुने आरसी बुक, कराच्या पावत्या, विम्याचे कागद, लिलावाची पावती, यातील प्रत्येक चिठोरा जपून ठेवावा.

मालकी बदलताना नमुना २९ व ३० भरावे लागतात. गाडी परराज्यात जाणार असेल तर नमुना २८ वर ना हरकत दाखला घ्यावा. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीसाठी नमुना ३२ आहे. मालक मरण पावला तर ताबा घेणाऱ्या वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा. खरी गुंतागुंत इथेच होते. वडिलांच्या नावाची जीप तीस वर्षे तशीच राहते, एक भाऊ ती वापरतो, दुसरा विकायला काढतो, बहिणींना कोणी विचारत नाही. मग चांगले गिऱ्हाईक दारात येते आणि कागदाअभावी परत जाते. सर्व वारसांच्या, बहिणींसकट, सह्यांचे संमतीपत्र आधी करून घेतले तर भांडणही टळते आणि सौदाही.

पन्नास वर्षांवरील गाडीसाठी वेगळा नियम

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज मोटारींसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, खासगी वापराची आणि चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. अर्ज नमुना २० मध्ये करायचा. सोबत विमा, आयात गाडीची बिल ऑफ एंट्री किंवा भारतात आधी नोंदलेल्या गाडीचे जुने आरसी बुक लागते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. नव्याने नोंदलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील साध्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० रुपये करण्यात आली, ही गोष्ट हिशेबात धरावी.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही आणि भाड्याने तर मुळीच नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन व देखभाल यांसाठीच ती बाहेर काढता येते. त्यामुळे जुनी विलीज दुरुस्त करून ताडोब्यात पर्यटकांना फिरवू, असा बेत करून कोणी कर्ज काढू नये.

नवा माल येणार नाही

पूर्वी सरकारी खात्यांच्या लिलावातून गॅरेजवाल्यांना जीपगाड्या मिळत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या अधिकृत भंगार केंद्रातच द्याव्या लागतात. म्हणजे हा झरा आटला आहे. ज्या जीपगाड्या खासगी मालकांकडे उरल्या आहेत तेवढ्याच उरल्या.

तेव्हा ज्याच्या अंगणात अशी जीप आहे त्याने भंगारवाल्याला हो म्हणण्यापूर्वी तीन कामे करावीत. चेसिस नंबर कापडाने पुसून कागदावर उतरवून घ्यावा, घरातील जुन्या पेट्या उघडून आरसी बुक शोधावे आणि आरटीओत नोंद कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. कारागिराने प्रत्येक कामाचे बिल तारीख व चेसिस नंबर घालून द्यावे आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. तोंडी हिशेबावर चाललेल्या आपल्या धंद्यात ही सवय कमी आहे. पण दहा वर्षांनी गाडी विकली जाईल तेव्हा तेच बिल गाडीच्या इतिहासात जमा होईल आणि त्या कागदावर काम करणाऱ्याचे नावही राहील.