जुनी लहान की नवी मोठी? शिडाच्या होडीविषयीचे पाच गैरसमज

चिंचोटी म्हटले की धबधबा आणि महामार्गाचा नाका आठवतो. पण तिथून दक्षिणेला गाडीने निघाले की थोड्याच वेळात वसईची खाडी लागते. त्यामुळे शिडाची होडी घ्यावी असा विचार या भागातल्या एखाद्या हौशी माणसाच्या मनात येणे साहजिक आहे. मग प्रश्न पडतो: तीस फुटी जुनी होडी स्वस्तात घ्यावी, की कर्ज काढून चाळीस फुटी नवी? या प्रश्नाची उत्तरे बहुतेक वेळा ऐकीव समजुतींवर दिली जातात.

गैरसमज १ : होडी जितकी मोठी, तितकी सुरक्षित.

वस्तुस्थिती : हे अर्धेच खरे आहे. १९७९च्या ‘फास्टनेट’ या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ३०३ होड्या उतरल्या आणि वादळात १५ स्पर्धक दगावले. लहान होड्यांना जास्त फटका बसला. तरीही सर्वांत लहान गटातली ‘असेंट’ ही बत्तीस फुटी होडी शर्यत पूर्ण करून आली. तिच्या गटात असे करणारी ती एकटीच. लांबीइतकेच महत्त्व तळाशी किती वजन आहे आणि उलटलेली होडी स्वतःहून सरळ होते का, याला असते. युरोपात १९९८पासून नव्या होड्यांना ए ते डी अशी श्रेणी द्यावी लागते; ‘ए’ म्हणजे महासागरायोग्य. त्याआधीच्या होडीवर हा शिक्का नसतो, पण तेवढ्यावरून ती कच्ची ठरत नाही.

गैरसमज २ : जुनी म्हणजे कुजकी, नवी म्हणजे निर्धास्त.

वस्तुस्थिती : मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. मुंबईतच सागवानात बांधलेल्या बत्तीस फुटी ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये ३१२ दिवसांत न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती शर्यत होती आणि नऊ स्पर्धकांपैकी शेवटपर्यंत पोहोचले ते एकटेच. पण त्याच सुहेलीच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येत होते आणि भर समुद्रात बुडी मारून त्यांना ते सांधे बुजवावे लागले. म्हणजे वयापेक्षा निगा पाहावी.

फायबरच्या जुन्या होड्यांचे कवच सहसा जाड असते. त्यांचा रोग वेगळा: तळाला पाण्याचे फोड येतात, आणि डेकवर जिथे बोल्ट बसवलेले असतात तिथून पाणी आत मुरते. नव्या होडीची पठाण, म्हणजे तळाचा कणा, बोल्टांनी जोडलेली असते. होडी एकदा जोरात खडकावर आपटली असेल तर तो जोड तपासल्याशिवाय सौदा करू नये. डोलकाठीच्या तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलाव्या लागतात, मग होडी कोणतीही असो.

गैरसमज ३ : खर्च लांबीच्या हिशेबाने वाढतो.

वस्तुस्थिती : तीस फुटांवरून चाळीसवर गेलात तर लांबी एक तृतीयांशाने वाढते. घाट तोच राहिला तर वजन मात्र जवळपास २.४ पट होते, कारण रुंदी आणि खोलीही सोबत वाढतात. शीड, दोर, नांगर, इंजिन, तळाचा रंग आणि पावसाळ्यापूर्वी होडी उचलणारी क्रेन यांचे पैसे फुटावर नव्हे, या वजनावर आणि आकारावर ठरतात. कर्ज फिटले तरी हा खर्च दर वर्षी असतोच.

गैरसमज ४ : लहान होडी रडतखडत जाते आणि मोठी एकट्याला झेपत नाही.

वस्तुस्थिती : होडीच्या वेगाला तिच्या पाण्यालगतच्या लांबीची मर्यादा असते. ही लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ने गुणले की अंदाजे कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. २५ फुटांना ६.७ नॉट, तर ३६ फुटांना ८. दिवसभराच्या फेरीत हा फरक फारसा जाणवत नाही, महिनोन्‌महिन्यांच्या सफरीत मात्र प्रचंड होतो. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली ‘म्हादेई’ छप्पन्न फुटी आहे. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये तीच प्रदक्षिणा न थांबता सुमारे १५० दिवसांत केली. हे दोघे नौदलाचे कसलेले अधिकारी. हौशी माणसाला मोठी होडी मोकळ्या समुद्रात जड जात नाही. ती जड जाते धक्क्याला लावताना, आणि शीड गुंडाळणारे यंत्र अडकले की.

गैरसमज ५ : खाडी जवळ आहे, म्हणजे होडी घराजवळ राहील.

वस्तुस्थिती : चिंचोटीच्या बाजूची खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये घोडबंदरजवळचा महामार्गाचा पूल आणि नायगाव-भाईंदरचे रेल्वेपूल आहेत. चाळीस फुटी होडीची डोलकाठी पंधरा मीटरहून उंच असते, तिला हा रस्ता बंदच समजावा. लहान होडीची डोलकाठी आडवी पाडण्याची सोय करता येते. शिवाय मोठ्या उधाणाला इथले पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते आणि ओहोटीला चिखल उघडा पडतो. खोल, अरुंद पठाणीची नवी होडी चिखलात कलंडते. दोन पठाणींची जुनी होडी त्यावर सरळ उभी राहते. पावसाळ्यात तर हौशी होडी पाण्याबाहेरच हवी. यांत्रिक मच्छीमार नौकांनाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते.

म्हणून जाहिरात पाहण्याआधी होडी कुठे राहणार आणि पावसाळा कुठे काढणार, हे ठरवा. नोंदणी आणि नांगरण्याची परवानगी यांची चौकशी मेरीटाइम बोर्डाकडे करा. वसई ते अर्नाळा अशा सुट्टीच्या फेऱ्या करायच्या असतील तर तपासून घेतलेली जुनी, लहान, उथळ होडी उजवी. कुटुंबासह आठवडेच्या आठवडे किनाऱ्याने फिरायचे असेल आणि एरवी खोल पाण्यात आणि पावसाळ्यात यार्डात जागा मिळत असेल, तरच मोठीचा विचार करा. दोन्ही बाबतींत किमतीतला काही भाग तज्ज्ञाच्या तपासणीसाठी आणि नव्या तारांसाठी आधीच बाजूला काढा.