जखमेचे पदक आणि दप्तराचा न्याय

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात मुरलीकांत पेटकर यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात पोहोचले होते. ज्या कर्तृत्वाबद्दल हा गौरव झाला ते कर्तृत्व मात्र १९७२ सालच्या ऑगस्ट महिन्यातले. पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून सुवर्णपदक जिंकले आणि विश्वविक्रमही नोंदविला. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले, आणि अर्जुन पुरस्कारासाठी तर बावन्न वर्षे लोटली. १९८२ साली या पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी मान्य झाली नव्हती. जून २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी पुरस्कार मिळाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध होताच असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या आयुष्यावर चित्रपट निघत नाही त्याची काय वाट, हा प्रश्न मात्र त्यातून टाळता येत नाही.

पेटकर हे खेळाडू म्हणून प्रसिद्ध झाले. मुळात ते युद्धात जखमी झालेले जवान. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा मुलगा लष्कराच्या ईएमई शाखेत दाखल झाला, तेथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आला. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर शत्रूच्या विमानांच्या माऱ्यात त्याच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या. त्यांतली एक पाठीच्या कण्यात कायमची राहिली. पाय निकामी झाले. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात उपचाराचा एक भाग म्हणून त्यांनी पोहण्यास आरंभ केला, आणि जे उपचार म्हणून सुरू झाले ते पुढे हायडेलबर्गपर्यंत गेले. म्हणजे बावन्न वर्षे प्रलंबित राहिलेल्या या सन्मानाच्या मुळाशीही रणांगणावरची एक जखमच होती.

अडीचपट जखमी

युद्धाचा हिशेब मांडताना आपण मृतांची संख्या सांगतो. ते स्वाभाविकच आहे. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्‍घाटन झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळात धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. परंतु बहुतेक युद्धांत मृतांपेक्षा जखमींची संख्या कितीतरी अधिक असते. १९७१च्या युद्धात आपले सुमारे ३,८०० सैनिक कामी आले, तर जखमींची संख्या नऊ हजारांच्या वर होती. १९९९च्या कारगिल संघर्षात ५२७ जणांनी प्राण वेचले आणि १,३६३ जण जखमी झाले. दोन्ही युद्धांचे स्वरूप भिन्न, शस्त्रास्त्रे भिन्न, प्रदेश भिन्न. तरी प्रमाण मात्र जवळपास तेच, म्हणजे एका मृतामागे अडीच जखमी. मृताचे नाव दगडावर कोरले जाते. जखमी माणूस मात्र घरी परततो, आणि त्याची नोंद कोठल्या तरी रुग्णालयाच्या रजिस्टरात, कोठल्या तरी पलटणीच्या दप्तरात पडून राहते.

अशा जखमींसाठी आपल्याकडे एक स्वतंत्र पदक आहे, याची बहुसंख्य सुशिक्षितांनाही कल्पना नसते. १९७३ साली राष्ट्रपतींनी 'वुंड मेडल' या नावाने ते सुरू केले. पुढे त्याला 'पराक्रम पदक' हे नाव मिळाले. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जो जखमी झाला त्याला हे पदक मिळते आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या जखमांना ते लागू आहे. परमवीर चक्र वा वीर चक्र यांसारखे ते शौर्याच्या तारतम्यावर अवलंबून नाही. जखम झाली काय आणि ती शत्रूच्या हातून झाली काय, एवढ्या दोनच गोष्टी येथे पाहावयाच्या. शौर्यपदकांना जोडलेला मासिक भत्ताही या पदकाला नाही. सरकारी तिजोरीवर त्याचा भार जवळजवळ शून्य. मग ते मिळविण्यासाठी एखाद्या वृद्ध जवानाला वर्षानुवर्षे अर्ज करण्याची वेळ का यावी?

विलंबाचे मूळ

याचे पहिले कारण तारखांतच दडलेले आहे. पदक निघाले १९७३ साली, आणि ते लागू झाले १९४७ पासून. दरम्यानच्या सव्वीस वर्षांत काश्मीरची पहिली लढाई, १९६२चे चीनचे आक्रमण, १९६५चे आणि १९७१चे युद्ध अशी चार युद्धे होऊन गेली होती. त्यांत जे गंभीर जखमी झाले, त्यांतील अनेकजण स्वाभाविकपणेच सेवेतून मुक्त होऊन गावी परतले होते. नव्या पदकाचा हुकूम पलटणीत वाचून दाखविला जातो; सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर कुबडी घेऊन बसलेल्या माणसापर्यंत तो कसा पोहोचणार? ज्याची जखम जितकी गंभीर, तितका तो लवकर घरी गेला, आणि तितकाच तो या हुकमापासून दूर राहिला. नियमाचा हेतू आणि त्याचा परिणाम यांत अशी उलट गती निर्माण झाली.

दुसरे कारण दप्तराचे. नवी मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार प्रामुख्याने सातारा, सांगली आणि पुण्याच्या डोंगरी पट्ट्यातून आले. सैन्यात भरती होणारी घरेही याच पट्ट्यातली. पहिल्या महायुद्धात शेहेचाळीस जवान गमावलेले साताऱ्याचे अपशिंगे आजही 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. एक भाऊ बोरीबंदरची गाडी धरी, दुसरा पलटणीची. हा त्या भागातल्या कोरडवाहू शेतीचा अर्थव्यवहारच होता. अशा घरातला १९७१चा जवान आज सत्तरी ओलांडून कोपरखैरणे, घणसोली किंवा कामोठ्यात मुलाकडे राहत असेल, तर त्याच्या आयुष्याचे कागद किती ठिकाणी विखुरलेले असतील? तो मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर दप्तर बेळगावला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे इंजिनिअर्सचा असेल तर खडकीला. ज्या रुग्णालयात उपचार झाले ते पठाणकोटला किंवा लखनौला. निवृत्तिवेतनाचा हुकूम प्रयागराजच्या लेखा कार्यालयाचा. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तो खाडीच्या कोणत्या अंगाला राहतो त्यानुसार, ठाण्याला अथवा अलिबागला.

या माणसाने अर्ज केला की त्याला विचारले जाते : जखम झाल्याचा पुरावा काय? हा प्रश्न गैर नाही. गैर आहे ती पुराव्याच्या ओझ्याची वाटणी. जखमेची नोंद करणारा डॉक्टर सरकारचा, ती वर कळविणारा अधिकारी सरकारचा, कागद जपण्याची जबाबदारीही सरकारचीच. जवानाजवळ उरतो तो फक्त मांडीवरचा व्रण. ज्याच्याकडे माहिती आहे आणि ज्याला ती शोधणे सर्वांत स्वस्त पडते, त्यानेच ती शोधावी, हा अर्थशास्त्राचा साधा नियम. येथे तो उलटा लावला जातो.

न्यायालयाने दाखविलेली दिशा

पदकाच्या नव्हे, पण अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे ओझे योग्य खांद्यावर ठेवले आहे. २०१३ सालच्या धरमवीर सिंह खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी ज्याच्या प्रकृतीत दोष नोंदविलेला नाही तो निरोगी होता असेच मानले पाहिजे, पुराव्याचा भार दावेदारावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे. विलंबाबाबतही २००८ सालच्या तरसेम सिंह खटल्याचा निकाल मार्गदर्शक ठरावा. हा जवान १९८३ मध्ये सेवामुक्त झाला आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेला. निवृत्तिवेतन नाकारणे हा दर महिन्याला नव्याने घडणारा अन्याय असल्याने निव्वळ विलंबास्तव दावा फेटाळता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मागील थकबाकी मात्र दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. यातील तर्क लक्षात घेण्यासारखा आहे. विलंबामुळे दुसऱ्या पक्षावर जो आर्थिक बोजा पडतो तेवढ्यापुरतीच मुदतीची अट. ज्या पदकात थकबाकीचा प्रश्नच उद्‍भवत नाही, तेथे मुदतीचे कारण पुढे करण्यास आधार तरी कोणता?

पूर्वलक्षी सन्मान आपल्या परंपरेला नवा नाही. खुद्द परमवीर चक्राची स्थापना झाली ती २६ जानेवारी १९५० रोजी, आणि तेही १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले. म्हणूनच कारवारजवळच्या चेंडिये गावी जन्मलेले रामा राघोबा राणे यांना त्याचा लाभ होऊ शकला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर सुरुंग आणि अडथळे दूर करीत, स्वतः जखमी झाले असतानाही मागे जाण्यास नकार देऊन, त्यांनी रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली होती. पराक्रम आधी आणि पदक नंतर, हा क्रम सरकारने तेव्हा सहज स्वीकारला.

अमेरिकेचा अनुभवही उपयोगी पडेल. तेथील 'पर्पल हार्ट' हे पदक १९३२ साली पुनरुज्जीवित झाले, तेव्हा पहिल्या महायुद्धातील जखमींनाही अर्ज करण्याची मुभा देण्यात आली. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई येथील राष्ट्रीय सेवा-अभिलेखागाराला आग लागून एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांची कागदपत्रे जळाली. तेव्हा 'कागद नाही, म्हणून हक्क नाही' अशी भूमिका तेथील सरकारने घेतली नाही. वेतनाची देयके आणि रुग्णालयांतील भरतीच्या नोंदी जुळवून सेवेचा इतिहास नव्याने उभा करण्याची पद्धत बसविली. ज्या वर्षी तिकडे कागद जळाले, त्याच वर्षी इकडे आपले जखमींचे पदक निघाले. आपले कागद जळालेले नाहीत. ते केवळ शोधले जात नाहीत.

शंका आणि तिचे उत्तर

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पन्नास वर्षांनी मागेल त्याला पदक मिळू लागले, तर ज्यांनी खरोखर रक्त सांडले त्यांच्याच पदकाचे मोल उतरणार नाही काय? शिवाय पदकाला भत्ता नसला, तरी शत्रूच्या कारवाईत जखम झाल्याचे एकदा मान्य झाले की निवृत्तिवेतनाचा प्रश्न मागोमाग येतो. शंभर टक्के अपंगत्वासाठी सर्वसाधारण अपंगत्वाचा भाग अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, तर सेवामुक्त झालेल्या युद्धजखमीचा भाग १०० टक्के आहे. म्हणजे खोट्या दाव्याला आर्थिक प्रलोभन नाही असे नव्हे.

तथापि येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात, हे विसरता कामा नये. अपात्राला पदक देणे ही एक चूक, पात्राला नाकारणे ही दुसरी. पहिली चूक कोणी तरी उघडकीस आणतो, वर्तमानपत्रांत तिचा गवगवा होतो, संबंधित अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. दुसरी चूक निःशब्द असते. ती त्या माणसाबरोबर स्मशानात जाते. म्हणून प्रशासन स्वभावतःच पहिली चूक टाळण्यासाठी दुसरी करीत राहते. यावर उपाय म्हणजे पदक स्वस्त करणे नव्हे, तर शोध चोख करणे. सन्मान आणि निवृत्तिवेतन यांच्या चौकश्या वेगळ्या ठेवल्या, तर आर्थिक दाव्याची कसोटी कडक ठेवूनही जखमेची साधी कबुली देता येईल.

करावयाचे ते फार नाही. रेजिमेंटच्या दप्तरांनी अर्जाची वाट न पाहता, युद्धांतील जखमींच्या जुन्या याद्या आणि पदकप्राप्तांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. मूळ कागद न सापडल्यास अपंगत्व निवृत्तिवेतनाचा हुकूम, हयात सहकाऱ्यांची शपथपत्रे आणि लष्करी डॉक्टरांची नव्याने केलेली तपासणी हा पुरावा ग्राह्य धरावा. शरीरात राहिलेला धातूचा तुकडा क्ष-किरणांत आजही दिसतो. अर्ज फेटाळावयाचा झाल्यास ठरावीक मुदतीत, कारणांसह, तसे लेखी कळवावे. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी वृद्ध जवानाला दप्तरोदप्तरी पाठविण्याऐवजी त्याच्या वतीने पत्रव्यवहार करावा.

जखमींच्या संगोपनाची परंपरा महाराष्ट्राला चांगली माहीत आहे. अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीला गेली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करीत आहे. कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ सालचे. शरीराची काळजी घेण्यात ज्या राज्याने पुढाकार घेतला, त्याने नोंदीची काळजीही दिल्लीकडे आग्रहाने मागावी. १९६५चे जखमी आज ऐंशीच्या पलीकडे आहेत, १९७१चे सत्तरीच्या. पेटकरांच्या वाट्याला बावन्न वर्षांची प्रतीक्षा आली, पण ते पुरस्कार घेण्यास हयात होते. इतरांच्या बाबतीत वर्षे मोजण्यास फारसा अवधी उरलेला नाही, एवढे तरी संबंधितांनी ध्यानात घ्यावे.