मनी तंबूत राहील का?

सुट्टी लागली की कुठेतरी डोंगरात नाहीतर धरणाच्या काठी तंबू ठोकून दोन रात्री राहायचं ठरतं. टॉर्चचे सेल येतात, चिवड्याचा डबा भरला जातो, आणि मग घरातलं सगळ्यात धाकटं माणूस विचारतं, "पण मनीचं काय?"

कुत्रा असता तर प्रश्नच नव्हता. गाडीचं दार उघडताच त्याने आत उडी मारली असती. मांजराचं तसं नाही. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, असं घरातली मोठी माणसं सांगतातच. मग मांजराने प्रवास करूच नये का? दोस्तांनो, त्याआधी ट्रिमची गोष्ट ऐका. अगदी खरी आहे.

ट्रिम हा काळा बोका. हनुवटी पांढरी, चारही पंजे पांढरे. १७९९ साली तो 'रिलायन्स' नावाच्या इंग्रजी जहाजावर जन्मला, तेही भर समुद्रात. पिल्लू असतानाच तो एकदा पाण्यात पडला. खलाशांनी दोर टाकला, तर पठ्ठ्या दोराला पंजे रोवून सरसर वर आला! जहाजावरचा अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्स याचं त्याच्यावर फार प्रेम जडलं. फ्लिंडर्सने पुढे 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घातला, त्या सफरीतही ट्रिम होता. वादळ असो की तोफा, तो डोलकाठीवर चढायचा आणि जेवायच्या वेळी बरोबर टेबलाशी हजर व्हायचा.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये परतीच्या वाटेवर त्यांचं 'पॉर्पस' जहाज खडकावर आपटून फुटलं. माणसं एका उघड्या वाळूच्या पट्टीवर आली. सिडनी हजार किलोमीटरहून दूर! शिडांच्या कापडाचे तंबू ठोकून ती तिथे कित्येक आठवडे राहिली. आणि ट्रिम? तोही त्यांच्यात होता, पळून वगैरे गेला नाही. म्हणजे तंबूत राहिलेलं मांजर आहे तर!

पण गंमत पुढे आहे. हाच ट्रिम मध्ये एकदा लंडनच्या एका घरात ठेवला होता, तेव्हा तिथे त्याने इतकी मोडतोड केली की त्याला परत जहाजावर न्यावं लागलं. पुढे मॉरिशसला फ्रेंचांनी फ्लिंडर्सला कैद केलं. बोका सुखरूप राहावा म्हणून त्याला एका घरी दिलं. थोड्याच दिवसांत, १८०४ साली, तो तिथून नाहीसा झाला. फ्लिंडर्सने बक्षीस लावलं, तरी सापडला नाही. सिडनीच्या मिचेल ग्रंथालयाबाहेर आज फ्लिंडर्सच्या पुतळ्यामागे ट्रिमचाही छोटा पुतळा आहे, १९९६ सालचा.

समुद्रात तरला आणि घरात हरवला, असं का? कारण जहाज हेच त्याचं घर होतं. वाळूच्या पट्टीवर जहाज नव्हतं, पण तीच माणसं होती, तीच शिडं होती, तोच वास होता. मांजराचं घर वासाने बनतं. मनी दाराच्या कडेला, तुमच्या पायाला गाल घासते ना? तो नुसता लाड नव्हे. तिच्या गालात ग्रंथी असतात. 'ही जागा माझी' असा शिक्काच ती मारत असते. धरणाकाठच्या तंबूवर तिचा एकही शिक्का नसतो.

म्हणून तिला न्यायचंच असेल तर तिच्या घराचा तुकडा बरोबर न्यायला हवा. जाळीचा पिंजरा किंवा झाकणाची टोपली महिनाभर आधीच घरात उघडी ठेवा. आत तिचं जुनं अंथरूण घाला, खाऊही तिथेच द्या. ती आपणहून आत जाऊन झोपू लागली, की मग गाडीतून एक छोटी फेरी. दहा मिनिटं. ती सतत ओरडली, लाळ गाळू लागली, तर हट्ट सोडा. सगळीच मांजरं प्रवासाची नसतात, आणि वयस्क मांजराला तर अजिबात छळू नये.

गळपट्टा उपयोगाचा नाही. मांजर त्यातून डोकं अलगद काढून घेतं. छाती-पोटाला बसणारा पट्टा घ्या, आणि तोही घरात सवय करून. पट्ट्याला फोन नंबरची चकती हवीच.

आई-बाबांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. रेबीजची लस वेळेवर झाली आहे ना, ते पाहा. आणि कुत्र्यासाठीचं गोचीड मारायचं औषध मांजराला चुकूनही लावू नका. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजराला ते विष आहे. बंद गाडीत तिला पाच मिनिटंही सोडू नये. तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली तर लगेच सावलीत न्या, पाणी द्या आणि डॉक्टर गाठा.

रात्र झाली की मनी पिंजऱ्यात आणि पिंजरा तंबूत, तुमच्या उशाशी. जुन्नर-अकोल्याकडे बिबटे आहेत. भटकी कुत्री तर सगळीकडेच. शिवाय तंबूचं कापड नखांनी टराटर फाटतं. अभयारण्यात मात्र पाळीव प्राणी नेऊच नयेत. तिथल्या पक्ष्यांनी, सरड्यांनी काय घोडं मारलंय?

आणि सुटलीच तर? हाका मारत, काठ्या आपटत रान तुडवू नका. घाबरलेलं मांजर बहुतेक वेळा दूर जात नाही, जवळच्याच झुडपात किंवा दगडाच्या कपारीत श्वास रोखून बसतं. तिचं अंथरूण तिथेच पसरा, खाऊचा डबा हळूच वाजवा आणि गप्प बसून राहा. काळोख पडल्यावर, सगळं शांत झालं की ती येण्याची शक्यता जास्त.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग राहू दे घरीच! माझंही मत बहुतेक मांजरांच्या बाबतीत तेच आहे. शेजारच्या काकूंना किल्ली द्या. दोन वेळ जेवण, ताजं पाणी, मातीचा ट्रे साफ. निघताना तुमचा एखादा न धुतलेला शर्ट तिच्या जागेवर टाकून जा. परत याल तेव्हा ती पाठ फिरवून बसेल, तासभर तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. शर्टावर मात्र केसच केस असतील.