येळवस आली, पोरं येणार का?

मार्गशीर्षातली अमावास्या जवळ आली की लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या घराघरांत एकच विचारणा सुरू होते. "येळवशीला येतूस का न्हाई?" पूर्वी हा निरोप गावातल्या गावात, फार तर शेजारच्या शिवारात जायचा. आता तो मोबाइलवरून पुण्याला, मुंबईला, हैदराबादला जातो. तिकडून बहुधा "बघतो" एवढेच उत्तर येते. त्या "बघतो"चा अर्थ लावत आई चार दिवस काढते आणि शेंगा मात्र सगळ्यांच्या हिशेबाने निवडून ठेवते.

ज्या भागात हा सण नाही तिथल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. वेळ अमावास्या, लोकांच्या तोंडी येळवस, हा लातूर-धाराशिवचा आणि त्याला लागून असलेल्या सोलापूर, बीड, नांदेडच्या काही भागांचा मोठा सण. कर्नाटकाच्या सीमाभागातही तो तितक्याच हौसेने करतात. तिकडे त्याला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ. आपल्याकडचे जुने लोक मात्र 'एळु' म्हणजे सात असा अर्थ लावतात आणि ज्येष्ठापासून बोटावर मोजून ही सातवी अमावास्या असल्याचे दाखवतात. खरे कोणते ते पंडितांनी ठरवावे. आपल्याला दोन्ही चालतात, कारण ताटात तिळाची पोळीही असते.

हा सण घरात होत नाही, शेतात होतो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, आंबील उभ्या पिकावर शिंपडायची आणि मग बांधावर पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची नाहीतर तिळाची पोळी, धपाटे आणि बिंदगीतली गार आंबील. वाटेने जाणारा ओळखीचा असो की बिनओळखीचा, त्याला हाक मारून बसवतात. त्या दिवशी गावे ओस पडतात. लातूर शहरातसुद्धा रस्त्यावर सामसूम असते, कारण ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला मित्र असतोच. लातूर जिल्ह्यात या दिवसाची स्थानिक सुट्टीही जाहीर होत आली आहे.

मुले लहान असतात तोवर आईबापाला या सणासाठी वेगळे काही करावे लागत नाही. बैलगाडी असो की ट्रॅक्टरची ट्रॉली, पुढे बसण्यावरून भांडण ठरलेले. लिंबाला बांधलेला झोका, बोरी, हरभऱ्याचे डहाळे, पाटात पाय सोडून बसणे यात दिवस कसा जातो ते कळत नाही. चार घास जेवले तरी पुष्कळ. खरी अडचण सुरू होते ती मुलगा बाराचा-तेराचा झाला की. त्याला झोक्यावर बसायची लाज वाटते आणि मोठ्यांच्या गप्पांत कोणी घेत नाही. मुलीचेही तेच. मग "मला नाही यायचं, माझा अभ्यास आहे" हे वाक्य घरात पहिल्यांदा ऐकू येते.

या वाक्यापुढे आपण फार लवकर हात टेकतो असे मला वाटते. अभ्यासाचे नाव काढले की शेतकऱ्याचे घर गप्प होते. आम्ही मातीत गेलो, पोराने तरी जाऊ नये, ही त्यामागची माया समजते. पण त्या मायेपोटी आपण मुलाच्या हातातले एकेक काम काढून घेतो. पाणी आई भरते, कडबा बाप टाकतो, सणाचा स्वयंपाक आजी आणि आई करतात आणि पोरगा हाक मारली की ताटावर येतो. पाच-सहा वर्षे असे गेले की तो आपल्याच घरी पाहुणा होतो. पाहुण्याला यायला सवड लागते, आग्रह लागतो. घरच्या माणसाला काम लागते.

औसा तालुक्यातल्या एका घराचे उदाहरण सांगते. दोन भाऊ, तीन वर्षांचे अंतर. थोरला अकरा वर्षांचा असताना आजोबांचे गुडघे दुखू लागले आणि कोप करण्याचे काम त्याच्याकडे आले. पहिल्या वर्षीची कोप पूजा होण्याआधी वाऱ्याने कलंडली. आजोबा लांबून ओरडत होते, उठता येत नव्हते, आणि पोराने रडत रडत ती पुन्हा उभी केली. तेव्हापासून कोप त्याचीच. कोणत्या पेंढ्या घ्यायच्या, तोंड कुठल्या अंगाला ठेवायचे, वरून शाल कोणती पांघरायची यात बापही बोलत नाही. धाकट्याच्या वेळी मात्र दिवस पालटले होते. दहावी आली, मग अकरावी-बारावीच्या शिकवण्या आल्या. येळवशीला आई त्याच्याजवळ घरी थांबायची आणि शेतातून डबा यायचा. आज दोघेही पुण्यात नोकरी करतात. थोरला आदल्या रात्री बसने निघतो आणि सकाळी तोंड धुऊन थेट शेतात जातो. आला नाही तर कोप कोण करणार, हा प्रश्न त्याला पुण्यात बसू देत नाही. धाकटा आला नाही तर फक्त एक ताट कमी होते, हे त्यालाही ठाऊक आहे. वडील म्हणतात, "धाकट्याला सुट्टी मिळत नाही." रजा दोघांनाही मोजूनच मिळते.

यात धाकट्याला दोष द्यायचे कारण नाही. सगळ्याच मुलांना येणे जमते असेही नाही. कारखान्यात पाळी असते, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या मुलीची ड्यूटी कोणी बदलून घेत नाही. शिवाय ही अमावास्या दिवाळीसारखी सर्वांना ठाऊक असलेली नाही. २०२४ साली ती ११ जानेवारीला, गुरुवारी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस ३० डिसेंबरला, सोमवारी, पुन्हा आली. २०२५ मध्ये १९ डिसेंबरला शुक्रवार होता. जिल्ह्याची सुट्टी जिल्ह्याच्या शिवेवर संपते आणि पुण्यातल्या साहेबाला वेळ अमावास्या म्हणजे काय हे समजावता समजावता रजेचा अर्ज तसाच राहतो. म्हणून दिवाळीत मुले घरी असतात तेव्हाच पंचांग काढून तारीख सांगून टाकावी. दीड-दोन महिने आधी मागितलेली रजा आणि आदल्या आठवड्यात मागितलेली रजा यांत फरक पडतो.

काही घरांनी यावर तोड काढली आहे. पूजा अमावास्येला घरातले लोक करतात आणि पंगत पुढच्या रविवारी, मुले आल्यावर. जुन्या लोकांना हे रुचत नाही. "पिकाला काय रविवार कळतो का?" असे एका आजींनी मला ऐकवले. त्यांचे खरे आहे. पण पिकाचा मान अमावास्येला झाला आणि पोरांचा रविवारी झाला तर त्यात कमीपणा मला तरी दिसत नाही. मात्र रविवारच्या पंगतीसाठी सगळे आयते मांडून ठेवू नये. भज्जीही त्यांच्यासमोर, त्यांच्या हातूनच व्हावी.

भज्जीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण घरचे सगळे शिक्षण तिच्यात आहे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, ओल्या शेंगांचे दाणे, वर पालेभाजी आणि कांद्याची पात, लसूण-मिरचीचा ठेचा, आंबटपणाला चिंच नाहीतर ताक. दाणे शिजले की बेसन ताकात कालवून ओतायचे. या वेळी एकाने ओतायचे आणि दुसऱ्याने ढवळत राहायचे. ढवळणारा हात थांबला की गुठळ्या झाल्याच. पन्नास माणसांच्या भज्जीचे पातेले ढवळायला ताकद लागते, आणि ती घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या दंडात असते, आजीच्या नसते. त्याला व्यायामशाळेतून बोलवावे आणि हातात उलथने द्यावे. हे बायकांचे काम असे तो म्हणाला तर बापाने आधी पदर, म्हणजे उपरणे, खोचून उभे राहावे.

आजीच्या हाताला माप नसते. "मूठभर" म्हणते ती तिची मूठ. नातीने एका वर्षी तिच्या मुठीतले बेसन वाटीत ओतून मोजून घ्यावे आणि वहीत लिहावे. आंबिलीचेही तसेच. ज्वारीचे पीठ पातळ शिजवायचे, निवू द्यायचे, मग ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घालून मातीच्या भांड्यात ठेवायचे, हे सगळ्यांना सांगता येते. पण किती आंबट झाली म्हणजे झाली, हे जिभेवर ठेवूनच कळते. ते आजी आहे तोवरच शिकता येईल.

आता या स्वयंपाकातला माझा सर्वांत आवडता भाग, म्हणजे आदल्या संध्याकाळचे सोलणे. ढीगभर शेंगा मध्ये ओतलेल्या, सगळे भोवती बसलेले, हात चालू आणि माना खाली. लांबून आलेल्या मुलाला आपण दारातच विचारतो, पगार वाढला का, मुली बघायच्या का, खोलीचे भाडे किती. तो दोन शब्दांत उत्तर देतो आणि मोबाइलमध्ये डोके घालतो. तोच मुलगा शेंगा सोलायला बसला की तासाभराने आपणहून बोलू लागतो. समोरचा आपल्याकडे बघत नाही, बोटे गुंतलेली आहेत, उत्तर लगेच द्यायचे नाही, अशा वेळी अवघड गोष्ट सांगणे सोपे जाते. नोकरी गेली आहे आणि तीन महिने सांगितले नाही, हे मी अशाच एका ढिगाभोवती ऐकले आहे. शेतीकडे परत यायचे आहे, पण तुम्ही हसाल म्हणून बोललो नाही, हेही ऐकले आहे. त्या घरातल्या वडिलांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "विहिरीवरचा तुकडा हाय की, बघ करून." एवढेच. ही सोय फक्त येळवशीला असते असे नाही. रोजची लसूण सोलणे, ज्वारी पाखडणे, दूध काढताना जवळ उभे राहणे यातही ती आहे. पण रोज सगळे एकत्र बसत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

लेकींचे काय, हा प्रश्न राहतो. जवळपासच्या गावात दिलेली लेक त्या दिवशी सासरच्या शेतात असते, तिकडची पूजा तिच्या हातची असते. माहेरची येळवस तिच्यासाठी लग्नाबरोबर संपते. माहेरच्या बांधावरचा झोका, तिने लावलेले रोप, यांची आठवण ती कोणाला सांगत नाही. रविवारच्या पंगतीचा खरा फायदा तिलाच व्हायला हवा. जावयासकट तिला बोलवावे. आणि ज्या सुनेच्या माहेरी हा सण नाही, कोकणातली किंवा विदर्भातली मुलगी घरात आली असेल, तिला पहिल्या वर्षी नुसते बसवून कौतुक करण्यापेक्षा तिच्याकडे आंबील शिंपडण्याचे एक काम द्यावे. बिंदगी हातात आली की तिला शेताची शीव कळते.

शेतेही पूर्वीची राहिलेली नाहीत, हे मान्य करायला हवे. सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली, आणि काही घरांना कोपीसाठी पाच पेंढ्या कडबा शेजाऱ्याकडून मागून आणावा लागतो. ज्यांनी जमीन बटईने दिली आहे त्यांची तर पंचाईतच होते. कोप कोणी करायची, मालकाने की कसणाऱ्याने? माझ्या माहितीत दोन्ही घरे एकाच कोपीपुढे बसतात. मालकाची शहरातली नातवंडे आणि कसणाऱ्याची मुले एकाच झोक्यासाठी भांडतात. हे मला फार बरे वाटते. निदान बांधाला कितीजणांची ओढ आहे ते मुलांना कळते. ज्यांना पोचणेच शक्य नाही त्यांना शेतातून व्हिडिओ दाखवतात. दाखवावा. पण पंगत वाढायच्या आधी दाखवावा. भरले ताट दाखवून पोराला उपाशी चिडवू नये.

परतीच्या बसला निघणाऱ्या मुलांना डबा द्यायचा तर भज्जी द्यावी. थंडीच्या दिवसांत ती दुसऱ्या दिवशीही चांगली राहते, काहींना तर शिळीच जास्त आवडते. ती गार झाल्यावरच डब्यात भरावी आणि खोलीवरच्या मित्रांना पुरेल इतकी द्यावी, कारण ते वाट बघत असतात. उंडे आणि धपाटे कापडात बांधावेत. आंबील मात्र बाटलीत घट्ट बूच लावून देऊ नये. वाटेत ती आणखी आंबते, आणि रात्रीच्या बसमध्ये झाकण उडाले तर शेजारच्या प्रवाशालाही येळवस घडते.