महाविद्यालयात मदत मिळते, पण मागायची कुठे?

प्रवेश झाला, शुल्काची पहिली पावती हातात पडली, की घरोघरी हिशेब सुरू होतो: राहायचं कुठे, जेवणाचं काय, पुढच्या सत्राचे पैसे कुठून आणायचे? महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत यांतल्या बऱ्याच प्रश्नांसाठी सोय आहे. अडचण इतकीच, की ती एका खिडकीवर मिळत नाही. शिष्यवृत्तीचं टेबल वेगळं, वसतिगृहाचं वेगळं, तक्रारीचं तिसरंच. प्रत्येकाची मुदतही निराळी. पुष्कळांची मदत हुकते ती योजना नसते म्हणून नव्हे, तर एक दाखला किंवा एक तारीख राहून जाते म्हणून. म्हणून शैक्षणिक वर्षाच्या क्रमानेच एकेक पायरी पाहू.

१. आधी माणसं ओळखा

पहिल्याच आठवड्यात तीन नावं वहीत लिहून ठेवावीत. शिष्यवृत्तीचं काम पाहणारे लिपिक, विद्यार्थी विकास अधिकारी आणि आपले मेंटॉर, म्हणजे काही विद्यार्थ्यांची जबाबदारी सोपवलेले मार्गदर्शक शिक्षक. विद्यार्थी विकास अधिकारी हे बहुधा शिकवणारेच प्राध्यापक असतात. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाच्या योजना त्यांच्यामार्फत महाविद्यालयात राबवल्या जातात.

चूक होते ती अशी, की विद्यार्थी सगळं मित्रांना विचारत राहतो. मित्राचा प्रवर्ग वेगळा, अभ्यासक्रम वेगळा, त्यामुळे त्याला लागू असलेला नियम आपल्याला लागू असेलच असं नाही.

२. दाखले एकत्र करा

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास म्हणजे डोमिसाइल, जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे जात वैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रीमीलेअर, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि शुल्काची पावती. मध्ये एखादं वर्ष शिक्षण थांबलं असेल तर त्याचं कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र, ज्याला बोलीभाषेत गॅप सर्टिफिकेट म्हणतात.

उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे छापलेलं असतं. ही तारीख बहुधा ३१ मार्च असते. मागच्या वर्षीचा दाखला जपून ठेवला आहे म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि अर्ज भरताना तो बाद ठरतो. निकालाच्या दिवसांत सेतू आणि आपले सरकार सेवा केंद्रांवर झुंबड उडते, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावं.

नाव मात्र नीट तपासावं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, एवढा फरक सहसा चालून जातो. पण स्पेलिंगमधलं एखादं अक्षर, वडिलांच्या नावापुढचं ‘राव’ किंवा लग्नानंतर बदललेलं नाव यावरून अर्ज अडकू शकतो. दुरुस्ती करून घ्यायची ती अर्ज भरण्यापूर्वी. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडावी.

३. शिष्यवृत्तीचा अर्ज

राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. डीबीटी म्हणजे सरकारी मदत थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत. इथे आधी आपलं खातं उघडायचं, मग वैयक्तिक माहिती भरायची आणि मग योजना निवडायची.

आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो क्रमांक बरेचदा वडिलांचा, कधीकाळी बंद पडलेला निघतो. तेव्हा अर्जाला बसण्याआधी आधार केंद्रावर जाऊन चालू क्रमांक जोडून घ्यावा.

योजना आपल्या प्रवर्गानुसार आणि उत्पन्नानुसार ठरते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची मर्यादा ८ लाख रुपये असून तिचा लाभ कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांना मिळतो.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींनी एक गोष्ट जरूर विचारावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. हे ठाऊक नसल्यामुळे घाईत कोट्यातली जागा घेतली जाते आणि नंतर हळहळ होते.

४. बँक खातं तपासा

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून पाहू. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं शिष्यवृत्तीसाठी तयार झालं, असं नसतं. केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला आधार सीडिंग म्हणतात आणि त्यासाठी बँकेत स्वतंत्र संमतीपत्र भरून द्यावं लागतं.

सरकारी पैशांसाठी एका आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं, आणि ते असतं सर्वांत शेवटी जोडलेलं. मोबाइलच्या दुकानात सिमकार्डासोबत हौसेने पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल, तर जोडणी तिकडे गेलेली असू शकते. मग विद्यार्थी गावच्या बँकेत पासबुक भरून घेत राहतो आणि रक्कम पडलेली असते दुसरीकडेच. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते लगेच दिसतं.

काही योजनांत महाविद्यालयाच्या शुल्काची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते. ती दिसली की घरात बी-बियाण्याची किंवा दवाखान्याची गरज पुढे येते. पण ती रक्कम महाविद्यालयात भरायची असते. भरली नाही तर थकबाकी आपल्याच नावावर निघते.

५. अर्ज पाठवल्यावर

‘सबमिट’ केल्यावर काम संपत नाही. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, तिथे लिपिक आणि प्राचार्य यांच्या स्तरावर तपासला जातो आणि मग संबंधित विभागाकडे पोहोचतो. छापील अर्ज आणि झेरॉक्सचा संच महाविद्यालयात द्यायला सांगितलं असेल तर तोही वेळेत द्यावा. तो गेला नाही तर ऑनलाइन अर्ज तिथेच पडून राहू शकतो.

दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून स्थिती पाहावी. ‘सेंड बॅक’ दिसलं तर अर्ज नामंजूर झाला असं समजू नये. त्रुटी दुरुस्त करून पुन्हा पाठवायला तो परत आलेला असतो, मात्र त्यालाही मुदत असते. मंजुरीनंतर ‘रिडीम’चा पर्याय आला असेल तर तो आपणच दाबायचा असतो. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा, तो आपोआप पुढे जात नाही.

६. राहण्या-जेवणाची सोय

महाविद्यालयाच्या वसतिगृहाशिवाय समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची शासकीय वसतिगृहंही असतात. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करावा. एकीकडची यादी लागेपर्यंत दुसरीकडची मुदत संपते, हे नेहमीचंच.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. लहान ठिकाणी रक्कम कमी आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, तर इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी यांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी करावी.

स्वाधारसारख्या योजना शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेल्यांसाठी असतात आणि त्यांत हजेरीही पाहिली जाते. खोली घेताना घरमालकाकडून भाडेकरार किंवा तसा लेखी कागद मागून ठेवावा. सहा महिन्यांनी तो मागायला गेलं की घरमालक कां-कूं करतात.

७. कमवा आणि शिका

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याची वाट दाखवली. आज अनेक विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ नावाची योजना आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय किंवा बागेत रोज दोन-तीन तास काम करायचं आणि तासांप्रमाणे मानधन घ्यायचं. अर्ज विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे मिळतो.

मानधन उशिरा येतं, म्हणून खोलीचं भाडं त्यावर अवलंबून ठेवू नये. हजेरीपत्रकावर रोजच्या रोज सही करावी. महिनाअखेरीस एकदम सह्या करायला गेलं की तास गळतात.

८. परीक्षा

किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या आणि लिहिण्यात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. मात्र ही मागणी परीक्षेचा फॉर्म भरतानाच करावी. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर जाऊन सांगितलं तर केंद्रप्रमुखांचाही नाइलाज होतो.

निकालाने धक्का बसला तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. काही विद्यापीठांत आधी छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मिळत नाही. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवशीच परिपत्रक वाचावं.

९. मन थकलं तर

झोप लागत नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, घरी फोन करायचीही इच्छा होत नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर समुपदेशकांना भेटावं. समुपदेशक म्हणजे ऐकून घेऊन वाट काढायला मदत करणारी प्रशिक्षित व्यक्ती. त्यांना भेटणं म्हणजे वेड लागणं नव्हे, आणि ही भेट गुणपत्रिकेवर कुठेही नोंदली जात नाही.

महाविद्यालयात समुपदेशक नसतील किंवा रात्र झाली असेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. क्रमांक १४४१६. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर उजाडण्याची वाट न पाहता फोन करावा आणि कुणाला तरी सोबत बसवून घ्यावं.

१०. कुणी त्रास देत असेल तर

रॅगिंगसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २४ तास चालणारी मदतवाहिनी आहे: १८००-१८०-५५२२. वसतिगृहात ‘ओळख परेड’ म्हणून जे चालतं तेही अपमानास्पद असेल तर रॅगिंगच आहे.

लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे लेखी करायची असते. प्रसंग घडल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत ती द्यावी. उशिराचं सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. मेसेज आणि कॉलच्या नोंदी रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, पुरावा म्हणून त्याच लागतात.

११. दाद मागायची तर

मूळ कागदपत्रं अडवून ठेवली, परत मिळायला हवं ते शुल्क दिलं नाही, शिष्यवृत्ती रखडवली, निकाल लांबला, अशा वेळी तोंडी विनवण्या करत महिने घालवू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. फक्त गुण कमी वाटतात म्हणून पेपर पुन्हा तपासून घ्यायला लोकपालांकडे जाता येत नाही. त्यासाठी पुनर्मूल्यांकनाचीच वाट धरावी.

अर्ज एका पानाचा असावा. काय घडलं, कोणत्या तारखेला, आपली मागणी काय, एवढंच लिहावं. दोन प्रती न्याव्यात. आवक-जावक टेबलावर एक प्रत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घेऊनच तिथून निघायचं. हीच आपली पोहोच. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असं म्हटलं तर शांतपणे थांबावं, किंवा तोच अर्ज अधिकृत ईमेलवर पाठवावा. समितीचे १५ दिवस कधी सुरू झाले, हे पुढे या कागदावरूनच सिद्ध करावं लागतं.

शेवटी एक सोपं काम. साधी फाइल घेऊन तिच्या पहिल्या पानावर चार रकाने आखावेत: योजना, अर्ज क्रमांक, शेवटची तारीख, कोणाशी बोललो. आज एका तरी योजनेची ओळ भरावी, आणि उद्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर जाऊन त्यातली तारीख बरोबर आहे ना, एवढं विचारून यावं.