आठ मिलिमीटरची पावलं

बाहुलीला चालवायचं तर आधी तिला पडू द्यायचं नाही. स्टॉप-मोशन चित्रपटाचा खटाटोप या अडचणीपासून सुरू होतो. बाहुली उभी करायची, फोटो काढायचा, पाय जरासा पुढे न्यायचा, पुन्हा फोटो काढायचा. असे शेकडो फोटो भराभर दाखवले की ती चालू लागते. पण चालताना प्रत्येक जण क्षणभर एका पायावर असतो, आणि बाहुलीला ते जमत नाही. म्हणून मोठ्या स्टुडिओंमध्ये सेटच्या जमिनीला भोकं पाडतात आणि खालून स्क्रू घालून बाहुलीचा तळपाय आवळतात. पुढच्या पावलाला तो स्क्रू सोडायचा, दुसऱ्या भोकात पुन्हा आवळायचा. कुठे जमिनीखाली लोहचुंबक लावतात.

आता लेगोच्या विटांनी बांधलेला सेट पाहा. जमिनीवर गोल उंचवट्यांच्या रांगा आहेत. त्यांना स्टड म्हणतात. छोट्या बाहुलीच्या पायाच्या तळाला त्याच मापाची खाच आहे. पाय स्टडवर दाबला की घट्ट बसतो, दुसरा पाय हवेत असला तरी बाहुली उभी राहते. स्टुडिओत ज्यासाठी स्क्रू, भोकं आणि टेबलाखाली वाकलेला माणूस लागतो, ते काम इथे जमीनच करते. आणि ही सोय चित्रपटासाठी कुणी केलेलीच नव्हती! डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या गॉटफ्रेड कर्क क्रिस्टियान्सन यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो मुलांनी रचलेली घरं चटकन कोसळू नयेत म्हणून. विटेच्या पोटात पोकळ नळ्या घातल्या आणि पकड आली. हलत्या हातापायांची बाहुली तर त्यानंतर २० वर्षांनी, १९७८ मध्ये आली.

मला याहून थक्क करते ती दुसरी गोष्ट. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर नेमकं ८ मिलिमीटर असतं. म्हणजे ही जमीन पाय धरून ठेवते आणि मापही देते. मातीच्या बाहुलीला किती सरकवलं याचा अंदाज डोळ्यांनी घ्यावा लागतो. इथे स्टड मोजायचे. सिनेमात काळाचे सारखे तुकडे पडतात, या सेटवर जागेचेही पडतात, आणि दोन्हींची सांगड घालायला शाळेतलं गणित पुरतं.

हौशी मंडळी बहुधा सेकंदाला १२ किंवा १५ फ्रेम धरतात. १२ घेऊ. दर फ्रेमला बाहुली एक स्टड पुढे गेली, तर सेकंदाला ९६ मिलिमीटर गेली. तिची उंची सुमारे ४ सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला ती आपल्या उंचीच्या जवळजवळ अडीचपट अंतर कापते. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हा हिशोब लावला तर ताशी साधारण १५ किलोमीटर होतात. ही चाल नव्हे, धाव झाली. दोन फ्रेमला एक स्टड सरकवला तर घाईघाईची चाल दिसते. तीन फ्रेमला एक केला की ताशी ५ किलोमीटर, आपण रस्त्याने चालतो तसं. मधल्या फ्रेममध्ये पाय उचलायचा, हात झुलवायचे. या बाहुलीला गुडघा नाही, कोपर नाही. मान फिरते, हात खांद्यातून आणि पंजे मनगटातून फिरतात, पाय कमरेतून पुढेमागे होतात. एवढ्या मोजक्या सांध्यांतून ऐट, भीती, कंटाळा सगळं दाखवायचं असतं.

मापाला मर्यादाही आहे. थांबलेला माणूस चालू लागताना एकदम वेग घेत नाही, आणि आठ मिलिमीटरहून लहान पाऊल स्टडवर पडत नाही. त्यासाठी मध्यभागी एकच स्टड असलेली चपटी प्लेट मिळते, तिच्यामुळे चार मिलिमीटरवर पाय रोवता येतो. त्याहूनही बारीक हालचाल हवी असेल तर जमिनीवर गुळगुळीत टाइल बसवायच्या. तिथे कितीही सरकता येतं, पण पकड गेली, मग तळव्याला चिकट पुट्टीचा कण लावावा लागतो. म्हणून या सेटची फरशी कशी असावी, हा प्रश्न दिसण्यापुरता नसतो. कोण कुठून कुठे जाणार, कुठे थबकणार, कुठे घसरणार हे ठरल्याशिवाय फरशी बांधताच येत नाही. कथा आधी जमिनीवर लिहिली जाते म्हणा ना.

भिंतींचं गणित आणखी देखणं आहे. वीट ९.६ मिलिमीटर उंच, आणि तिच्या तृतीयांश जाडीची प्लेट ३.२ मिलिमीटर. अशा पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन स्टडची रुंदी! या एका योगायोगामुळे वीट आडवी पाडून उभ्या विटांच्या मधोमध फटीशिवाय बसवता येते. स्टड बाजूला वळले की भिंतीला गुळगुळीत गिलावा दिसतो, दगडी चिऱ्यांचा पोत येतो, पाट्या आणि खिडक्या हव्या तशा बसतात. खेळण्याच्या विटांचं रस्त्यावरच्या घरात रूपांतर होतं ते इथेच. (ही मापं इतकी काटेकोर पाळली जातात की १९५८ची वीट आजच्या विटेला जोडता येते.)

पण घर चित्रपटासाठी बांधायचं म्हणजे पुरं बांधायचंच नाही. लेन्सला जेवढं दिसेल तेवढंच. समोरची भिंत नसते, छत बहुधा नसतं, कारण आत बोटं जायला हवीत. बाजूची भिंत अशी बसवतात की अलगद काढून, बाहुली हलवून, पुन्हा तिथेच लावता येईल, आणि ‘तिथेच’ म्हणजे काय हे स्टडच ठरवतात. दूरचा डोंगर किंवा शहर लहान मापात रचलं की दोन हातांच्या टेबलावर मैलभर खोली दिसते. दरवाजाला मात्र फसायचं नाही. ही बाहुली उंचीच्या मानाने फार रुंद आहे. माणसाच्या मापाचा दरवाजा केला तर ती त्यात अडकते, म्हणून दारं ऐसपैस ठेवावी लागतात.

आणि काहीही हलता कामा नये. गवंडी वीटकामात उभ्या सांध्यावर उभा सांधा येऊ देत नाही, तोच नियम इथे पाळतात, नाहीतर बोटाच्या दाबाने भिंत फाकते आणि पडद्यावर ती श्वास घेतल्यासारखी थरथरते. तळाची पाटी टेबलाला चिकटवतात. खिडक्यांचे पडदे ओढतात, कारण तासाभरात ऊन सरकतं आणि पडद्यावर तोच तास काही सेकंदांचा लखलखाट होऊन बसतो. या कामाला गडद रंगाचे कपडे घालावेत, पांढऱ्या सदऱ्यावरून परतलेला उजेडही चकचकीत प्लास्टिकवर दिसतो. बाहुलीने उडी मारायची असेल तर तिला पारदर्शक विटांवर तोलतात आणि रिकाम्या सेटचाही एक फोटो काढून ठेवतात. नंतर संगणकावर आधार पुसला की त्या फोटोतली मागची भिंत तिथे येते. एक मिनिटाला ७२० फोटो लागतात, आणि सातशेव्या फोटोला कोपर लागून सेट हलला तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

सगळं स्थिर, एकच गोष्ट बदलती, हे तत्त्व आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ पाहून त्यांना चित्रपटासाठी पैसे देणारा माणूस मिळाला. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या पडद्यावर हलवल्या. घरात जे सापडेल त्यात जीव ओतायचा हा ध्यास मला विटांवर वाकलेल्या मुलांमध्येही दिसतो.

विटांचा सर्वांत जुना ज्ञात चित्रपट १९७३चा. लार्स आणि हेन्रिक हासिंग या डॅनिश मुलांनी सुपर ८ फिल्मवर चंद्रावरची सफर चित्रित केली, तेव्हा आजची बाहुली जन्मायलाही पाच वर्षं होती. ऑस्ट्रेलियात लिंडसे फ्ले यांनी १९८५ ते १९८९ या काळात १६ मिलिमीटर फिल्मवर ‘द मॅजिक पोर्टल’ केला. त्या काळी फिल्म धुऊन येईपर्यंत आपली बाहुली नीट चालली की नाही, हे कळायची सोय नव्हती. आज फोनच्या पडद्यावर आधीची फ्रेम पुसट दिसते आणि तिच्यावर नवी बेतता येते.

२०१४ मध्ये फिल लॉर्ड आणि क्रिस्टोफर मिलर यांचा ‘द लेगो मूव्ही’ आला. तो संगणकावर, सिडनीच्या ॲनिमल लॉजिकमध्ये घडला. संगणकात बाहुलीला गुडघा द्यायला कुणाची आडकाठी नव्हती, तरी दिला नाही. खऱ्या बाहुलीचा जो सांधा जेवढा फिरतो तेवढाच फिरवला, समुद्राच्या लाटाही विटांच्याच उसळवल्या, प्लास्टिकवर ओरखडे आणि बोटांचे ठसे मुद्दाम उमटवले. चित्रपट संपल्यावर येणारी नामावली मात्र खऱ्या विटा रचून, हातांनी, एकेक फ्रेम करून चित्रित केली आहे.