एवढ्याशा चित्राचें मोल

"एवढ्याशा चित्राचे एवढे पैसे?" हा प्रश्न गेल्या वर्षीं विठ्ठलवाडीस, आमच्याच घरीं, जेवणाच्या पंक्तींत निघाला; आणि तो विचारणारे दुसरे कोणी नसून आम्हीच होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचा पुतण्या व्यापाऱ्यांचीं बोधचिन्हें काढण्याचा व जुनीं सुधारून देण्याचा व्यवसाय करतो. त्यानें इंजिनियरिंगची वाट सोडून उपयोजित कलेचा अभ्यास धरला, तेव्हां "चित्रांनीं पोट भरतें काय?" असें आम्हीं त्याच्या वडिलांस ऐकविलें होतें. जन्मभर वर्गांत इतरांच्या चुका दाखविलेल्या माणसास स्वतःची चूक कबूल करणें जड जातें. तथापि या विद्येविषयीं जें आम्हांस उशिरां उमगलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

वाचकांनीं प्रथम वीस, पन्नास किंवा शंभर रुपयांची नवी नोट काढून तिची मागची बाजू पाहावी. तेथें महात्माजींचा गोल चष्मा दिसेल. एका भिंगांत 'स्वच्छ', दुसऱ्यांत 'भारत'. हें चिन्ह आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनीं काढलें. स्वच्छ भारत अभियानासाठीं घेतलेल्या स्पर्धेंतून तें निवडलें गेलें व २ ऑक्टोबर २०१४ रोजीं अभियानाबरोबर लोकांपुढें आलें. त्यांत महात्माजींचा चेहरा नाहीं, झाडूही नाहीं. केवळ चष्मा आहे. परंतु तो पाहतांच त्याचा धनी आठवतो, आणि तो आपल्या अंगणाकडे पाहत आहे असें वाटून मन किंचित् ओशाळतें.

रुपयाचें ₹ हें चिन्हही याच जातीचें. १५ जुलै २०१० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें डी. उदयकुमार यांची आकृति मान्य केली; ते पवईच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ, वर आपली शिरोरेषा आणि तिच्याखालीं समांतर अशी दुसरी रेषा, एवढाच काय तो पसारा. सूत्राचें लक्षण सांगतांना आमचे पूर्वाचार्य अल्पाक्षरत्व व असंदिग्धता हे गुण आधीं मोजतात. तें लक्षण येथें अक्षरशः लागू पडतें.

"काका, काढण्यास वेळ लागत नाहीं, गाळण्यास लागतो," असें पुतण्या म्हणतो. चिन्ह दुकानाच्या पाटीवर हातभर रुंद असतें, तर मोबाइलच्या पडद्यावर हरभऱ्याएवढें. रंगीत पुडीवर तें शोभावें लागतें, आणि पावतीवर एकरंगी शिक्का मारला तरी ओळखूं यावें लागतें. इतक्या कसोट्यांस उतरेल तेवढेंच ठेवावयाचें, बाकी सारें सोडावयाचें.

नवें चिन्ह काढण्याहून जुनें बदलणें अधिक नाजूक. कारण जुन्यांत लोकांचा विश्वास सांठलेला असतो. दांडेकर बंधूंनीं १९३१ साली मुंबईंत शाईचा उद्योग काढला, तेव्हां त्यांची शाई घोडा छाप होती. पुढें त्यांच्या मालावर उंट आला, आणि आमच्या पिढीनें कंपासपेटी घेतली ती उंट पाहूनच. स्टेट बँकेचें निळें वर्तुळ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंतील शेखर कामत यांनीं १९७१ साली सिद्ध केलें. २०१७ साली पांच सहयोगी बँका तींत विलीन झाल्या, तेव्हां नांवाची अक्षरें नवीं केलीं गेलीं. वर्तुळ मात्र राखलें. म्हणून पेन्शन आणावयास जाणाऱ्या वृद्धास आपली बँक शोधीत फिरावें लागलें नाहीं.

आतां आमच्या गांवची गोष्ट. येथील दोघे भाऊ घरगुती मसाल्यांचा धंदा करतात. त्यांच्या पुडीवर त्यांच्या आईचें चित्र होतें : जात्यावर बसलेली बाई, हातांत बांगड्या, मागें उगवता सूर्य, भोंवतीं वेल आणि खालीं तीन लिप्यांत नांव. धाकट्यास हें सारें टाकून झगझगीत इंग्रजी अक्षरें हवीं होतीं. थोरल्यास एक रेघही बदलावयाची नव्हती. हा तंटा पुतण्याच्या गळ्यांत पडला. त्यानें कागदास हात न लावतां आठ दिवस दुकानांत बसून गिऱ्हाइकांचें बोलणें ऐकलें. नांव घेऊन मागणारे थोडे. बहुतेक बायका "जात्याचा मसाला द्या" असेंच म्हणत. तेव्हां त्यानें सूर्य, वेल व बाई गाळून नुसतें जातें ठेवलें.

थोरले बंधु संतापले. "आमच्या आईला पुडीवरून पुसलीस तूं!" पुतण्यानें वाद घातला नाहीं. जुनें चित्र हरभऱ्याएवढें छापून त्यानें त्यांच्यापुढें ठेवलें आणि म्हणाला, "यांत आजी कोठें दिसतात, तें दाखवा." त्यांनीं चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलें. एक काळा डाग तेवढा दिसत होता. मग ते हळूच म्हणाले, "खुंट्यावरचा हात तरी राहूं दे." त्या एका हातासाठीं पुतण्यानें तीन आठवडे घालविले. आज पुडीवर जात्याच्या दोन तळ्या, खुंटा, त्यावर एक हात आणि त्या हातांत एकच बांगडी आहे. पंक्तींत आम्हीं विचारलेला प्रश्न याच कामाच्या बिलाविषयीं होता.

ज्यांच्या घरीं असा लहानसा उद्योग आहे, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वयें चिन्हाची नोंदणी दहा वर्षें चालते, आणि दर दहा वर्षांनीं ती वाढवून घेतां येते. चिन्ह काढण्यास खर्च करून नोंदणीचा कंटाळा करणें म्हणजे दागिना घडवून दार उघडें टाकण्यासारखें आहे.

मागील महिन्यांत आम्हीं ती नवी पुडी घरीं आणली. आमच्या आत्याबाईंस आतां बारीक अक्षरें दिसत नाहींत. त्यांनीं पुडी हातांत घेऊन डोळ्यांजवळ धरली आणि स्वयंपाकघरांत जातां जातां म्हणाल्या, "जात्याचीच आणलीस ना? बरें झालें." पुतण्या शेजारींच उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं, आणि आम्हींही त्या बिलाचा विषय पुन्हां काढलेला नाहीं.